संकष्टीच्या दिवशी खाऊफेरी

“गणराया, आजच परीक्षा बघायची होती का रे?”

मी हे चांगलं मोठ्याने म्हणाले. शिकागोच्या आर्गाईल स्टेशनच्या जिन्याखाली मराठी कळणारं कोण असणार! वर पॅगोड्यासारखं हिरवं-तांबडं छप्पर, अंगावर नोव्हेंबरची बारीक भुरभुर, आणि समोरच्या व्हिएतनामी रस्त्यावरून येणारा तो वास... दालचिनी, चक्रीफूल, भाजलेला कांदा, भट्टीतून नुकताच निघालेला पाव. माझ्या पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं.

“गणरायाला कशाला मध्ये ओढताय? टूरचं तिकीट तुम्हीच काढलंय ना?”

मी गर्रकन वळले. पिवळीधमक छत्री धरून एक उंच, सावळा मुलगा उभा होता. चेहरा अगदी गंभीर, पण डोळे मात्र सरळ सरळ हसत होते.

“तिकीट मैत्रिणीने काढलं होतं,” मी म्हणाले. “गिरिजाच्या ऑफिसात सर्व्हर डाऊन झाला, म्हणून एकटीच आले. आणि आज संकष्टी आहे हे सकाळी आईचा फोन आल्यावर कळलं.”

“म्हणजे खाऊच्या टूरवर तुम्ही उपाशी फिरणार?”

“मग काय तिकीट फुकट घालवू? नागपूरची आश्लेषा आहे मी. एकदा ठरवलं की ठरवलं.”

“बाप रे. मी गुरुनाथ. कुडाळचा.”

“गुरुनाथ?” मला हसू आवरलं नाही. “आजोबांचं नाव का?”

“आजोबांचंच. हसा, हसा. सगळ्याच मुली हसतात.”

सगळ्याच म्हणजे किती, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण ओळख होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती, म्हणून गिळला. गिळायला दुसरं होतं तरी काय!

गुरुनाथ इथल्या युनिव्हर्सिटीत तलावाच्या लाटांवर पीएच.डी. करत होता आणि आमच्या गाईडबाईंच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहत होता. दर शनिवारी त्यांची छत्री धरणं हे त्याचं आवडतं काम. त्या बाईंचं नाव लान. साठीच्या, ठेंगण्या, तुरुतुरु चालणाऱ्या. तो त्यांना ‘को लान’ म्हणायचा. ‘को’ म्हणजे आपल्यासारखं मावशी. आम्ही आठ-दहा पाहुणे त्यांच्यामागून निघालो.

आता माझ्या संकष्टीविषयी सांगायला हवं. ती आईने माझ्या गळ्यात घातली होती. “लग्न जमेपर्यंत धर, बाळा, विघ्नं टळतात.” आणि लग्न आता जमतच आलं होतं. इथल्याच पूर्व किनाऱ्याजवळच्या पार्सिपनी गावचा रवींद्र. चांगली नोकरी, ग्रीन कार्ड, शांत स्वभाव. फोनवर आम्ही काही वेळा बोललो होतो, आणि दर वेळी त्याने माझ्या व्हिसाची आस्थेने चौकशी केली होती. त्याच्यात खोट काढावी असं काही सापडत नव्हतं, आणि फोन ठेवल्यावर त्यातलं काही आठवतही नव्हतं. आज रात्री मी आईला ‘हो’ म्हणायचं होतं. मग ती तिकडे रविवारी सकाळी त्याच्या आईवडिलांना होकार कळवणार होती.

पहिला मुक्काम बेकरी. को लान यांनी कुरकुरीत लांबट पावात लोणच्यासारखं गाजर, मुळा आणि कोथिंबीर भरून माझ्यापुढे धरलं. मी कसंबसं सांगितलं, आज उपास आहे, चंद्र उगवेपर्यंत खात नाही.

“चंद्र?” त्या थबकल्या. मग त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “आम्हीही! पौर्णिमेला आणि अमावास्येनंतरच्या पहिल्या दिवशी मी मांस खात नाही. माझी आई सायगॉनमध्ये पाळायची, मी इथे पाळते. चंद्र तोच आहे ना!”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. या देशात आल्यापासून उपास म्हटलं की ऑफिसातले लोक ‘डाएट का?’ एवढंच विचारायचे. आणि या परक्या रस्त्यावर एक परकी मावशी चंद्रासाठी माझा हात धरून उभी होती.

गुरुनाथने कुठूनसा एक पांढरा डबा पैदा केला. “तुमचा वाटा यात. चंद्र उगवल्यावर खा. मांस नको ना?”

“आज नको. एरवी सावजी मटण खाणारी बाई आहे मी.”

“हे बरं झालं,” तो पुटपुटला.

“काय बरं झालं?”

“काही नाही... चला, लोक पुढे गेले.”

मग तो रस्ता माझ्यासमोर उलगडत गेला. एका दुकानात दारालगत, जमिनीवरच, तांबड्या दिव्याचं इवलंसं देवघर होतं. संत्री, उदबत्ती, चहाचे चिमुकले पेले. माझे हात आपोआप जोडले गेले. पुढच्या किराणा दुकानात तर मी दारातच खिळले. अख्खा फणस! शहाळी! केळीच्या पानांचे भारे! बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि आत हा सगळा हिरवागार बाजार. मी एका पानावरून हात फिरवला. ओलं होतं.

“माझी आई यातच पानगी करते,” गुरुनाथ हळूच म्हणाला. “पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मी याच कोपऱ्यात उभा राहून रडलो होतो. को लाननी बघितलं आणि विचारलं, खोली हवी आहे का?”

“खरंच रडलास?”

तोंडातून ‘रडलास’ निघून गेलं. त्याने ते ऐकलं. छत्री माझ्या बाजूला जरा जास्त कलली. दुकानाच्या आत होतो आम्ही, छत्रीची काही गरज नव्हती.

केळीच्या पानातला भात डब्यात गेला. हळद घातलेलं, घावनासारखं कुरकुरीत काहीतरी गेलं. प्रत्येक ठिकाणी को लान गोष्ट सांगायच्या, पाहुणे मिटक्या मारायचे, आणि मी नुसते वास घेत फिरत होते. तरी मला कमी काही वाटत नव्हतं, याचंच नवल वाटत होतं.

शेवटचा मुक्काम गोडाचं दुकान. को लान यांनी एक वाफाळती वाटी माझ्यासमोर ठेवली. “हे तर बघ.”

मी चमचा बुडवला. नारळाचं दूध. पिकलेली केळी. आणि...

“साबुदाणा!” मी जवळजवळ किंचाळले. “गुरुनाथ, हा साबुदाणा आहे रे! आणि वर शेंगदाण्याचं कूट!”

“कधीपासून वाट बघतोय मी या वाटीची. पहिल्या दुकानातच सांगणार होतो, पण म्हटलं... तुझा चेहरा बघायचा होता.”

उपासाला चालणारी खीर, अर्ध्या जगापलीकडच्या लोकांनी रांधलेली! पहिला घोट घशाखाली उतरला आणि माझे डोळे भरून आले. मी चक्क रडत रडत खात होते. तो समोर बसून बघत होता. हसत नव्हता.

का कोण जाणे, मी त्याला सगळं सांगून टाकलं. रवींद्र, पार्सिपनी, रात्री आईला म्हणायचं ‘हो’.

त्याने छत्रीची मूठ उगाच फिरवली. “मुलगा चांगला आहे?”

“चांगला आहे.”

“मग... अभिनंदन.” एवढंच बोलून तो पैसे द्यायला उठला. मला त्याचा भयंकर राग आला. काय म्हणायला हवं होतं त्याने, हे मलाही ठाऊक नव्हतं, पण हे नक्कीच नव्हतं.

टूर संपली. निरोप घेताना को लान माझ्या कानाशी आल्या. “याला जेवायला घाल. दर शनिवारी पाहुण्यांचं उरलंसुरलं हाच संपवतो. आज त्याने एक घास घेतलेला नाही.”

मी गुरुनाथकडे पाहिलं. तो तोंड फिरवून छत्री मिटत होता.

“आता उपास सोडायला थांबायचं किती वाजेपर्यंत?” त्याने विचारलं.

“आई म्हणाली, आठ.”

“आई कुठे आहे?”

“नागपूरला.”

“आणि चंद्र बघायचाय तो कुठला?” तो आता खदखदून हसला. “अगं वेडे, दर संकष्टीला तू नागपूरच्या वेळेवर शिकागोत जेवतेस? इथला चंद्र आज सातलाच उगवतोय. कधी उगवताना बघितलायस तरी?”

नव्हता बघितला. घड्याळात आठ वाजले की खिडकीला नमस्कार करायचा आणि ताटावर बसायचं. माझी संकष्टी ती एवढीच.

“चल,” तो म्हणाला.

फॉस्टर रस्त्याने हायवेखालून गेलं की थेट मिशिगन तलाव. भुरभुर थांबली होती. काळोखं पाणी, पलीकडचा काठ दिसत नाही असं. मी नागपूरची, आमच्याकडे तलावाला चारही बाजू असतात. तो अथांग अंधार बघूनच मी त्याची बाही पकडली.

“ढग आहेत,” मी म्हणाले. “नाही दिसणार.”

“दिसेल. खाली फट आहे, बघ.”

आणि तो उगवला. पाण्यातून. आधी तांबूस कोर, मग केवढा तरी मोठा, एका बाजूने जरासा झिजलेला, केशरी चंद्र. पाण्यावरून एक लखलखती वाट थेट आमच्या बुटांपर्यंत आली. मी श्वास घ्यायचा विसरले. हात जोडायचेही विसरले. इतकं मोठं काहीतरी दर महिन्याला इथे, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर होत होतं, आणि मी खिडकीला नमस्कार करत बसले होते!

डबा उघडून मी पहिला घास त्याच्यासमोर धरला. “तूही धरलास ना उपास? कशासाठी?”

“तू उपाशी आणि मी खायचं... जमेना.” तो चंद्राकडे बघत बोलला. “मघाशी अभिनंदन म्हणालो ते खोटं होतं. मला अजिबात आनंद झालेला नाही. आजच भेटलोय, हे म्हणायचा मला काही हक्क नाही. पण तू ‘हो’ म्हणू नयेस असं वाटतंय. मला आवडलीस तू, आश्लेषा. फार.”

त्याचा आवाज कापत होता. हातातला घास मी त्याला भरवला, आणि मग मोबाइलवर कॉलिंग कार्डाचा नंबर फिरवून आईला फोन लावला. नागपुरात पहाट झाली असणार.

“उपास सोडलास?” आईचा पहिलाच प्रश्न. “अगं, आठ कुठे वाजलेत तिकडे?”

“आई, इथला चंद्र वेगळ्या वेळी उगवतो. आज मी तो डोळ्यांनी बघितला.” मी एक दीर्घ श्वास घेतला. “आणि रवींद्रकडे होकार कळवू नकोस. मला आतून हो येतच नाहीये. खरंच येत नाहीये, आई.”

पलीकडे आईने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग सावधपणे, “तुझ्याजवळ कोण आहे आत्ता?”

“गुरुनाथ आहे.”

“गुरुनाथ?” आईचा जीव भांड्यात पडला. “कुणी वयस्कर काका आहेत का गं? दे बरं त्यांना फोन. तेच तुला समजावतील.”

मी फोन त्याच्या हातात दिला. तोंडातला घास गिळत, केशरी उजेडात कानापर्यंत लाल होत तो म्हणाला, “नमस्कार काकू... मी गुरुनाथ. वय वर्षं सत्तावीस.”