पत्र्यावरची आडवी रेघ

तुम्ही त्या चौकटीपुढे बराच वेळ उभे होता, म्हणून विचारतो. झाड कुठे कललंय, डावीकडेच ना? बरं. बसा त्या स्टुलावर. प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस, पाच वाजता दालन बंद होईल, आणि मला आज इथे एकट्यानं बसवत नाही.

मी मंदार. ही सगळी छापचित्रं माझीच. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा मऊ थर द्यायचा, त्यावर खरं झाड मुळासकट दाबायचं आणि पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवायचा. शीर न् शीर कोरली जाते. मग शाई भरून कागदावर छापायचं. छापात डाव्याचं उजवं होतं, एवढं लक्षात ठेवा. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर सुईनं आडवी रेघ ओढतात, म्हणजे पुन्हा कुणाला प्रत काढता येऊ नये. ही आमच्या कामाची रीत. मला ती फार आवडायची. काम संपवल्याचा तोरा असतो त्यात.

हे झाड मला राळेगावकडच्या रानात दिसलं, एका शनिवारी दिवेलागणीला. नऊ पानं, डावीकडे कललेलं. बुडाशी कुणीतरी काळा दोरा बांधला होता आणि मातीवर चार पिवळे तांदूळ ठेवले होते. असेल कुणाचा नवस, असं म्हणून मी ते उपटलं. दोरा सोडला नाही, छापात झकास उमटेल म्हणून.

माझी बायको अनघा तेव्हा दोन महिने अंथरुणावर होती. छातीत दम राहत नव्हता. नागपूरचे रिपोर्ट चांगले यायचे आणि ती मात्र रोज थोडी कमी व्हायची. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी रानात हिंडायचो. पळपुटेपणाच तो, त्याला दुसरं नाव देत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या दुपारी मी इथे चित्रं टांगायला आलो. वीज गेली होती. बंद खिडक्यांमुळे दालनात शाईतल्या जवसाच्या तेलाचा वास कोंडला होता, आणि त्याच्याखालून ओल्या मातीचा. मार्चात यवतमाळला ओली माती कुठून येणार? हंसाबाई, विद्यापीठाचं हे दालन झाडतात त्या, तिसऱ्यांदा याच चौकटीखाली थांबल्या.

"सर, हे पानं कोन टाकून राह्यलं इथं? मी दोन डाव झाडलं."

सुपलीत तीन वाळकी पानं होती. मी वर पाहिलं. काच शाबूत होती, मागची पट्टी सकाळी मीच चिकटवली होती. चित्रातल्या झाडाला सहा पानं उरली होती.

हंसाबाईंनी काचेजवळ जाऊन दोऱ्यावर बोट ठेवलं आणि हे तुम्हीच उपटलं का, असं विचारलं. मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं ते असं. तांड्यावरचा धावजी वैदू औषधाचं झाड असंच तोडत नाही. आदल्या संध्याकाळी त्याला आवतण देतो. दोरा बांधतो, तांदूळ ठेवतो, आजारी माणसाचं नाव घेतो आणि म्हणतो, उद्या येतो न्यायला, तयार राहा. तेव्हापासून ते झाड त्या माणसाचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही.

"कोनाच्या नावानं व्हतं, सर?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनघा होती.

"मंदार, काल दुपारपासून छातीत आडवी कळ येतेय… सुईनं ओढल्यासारखी."

पत्र्यावर मी रेघ मारली होती ती काल दुपारीच. तू धावजीला घरी बोलावलं होतंस का, असं मी तिला विचारलं.

"तू हसला असतास… म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, झाड कुणीतरी नेलं."

हंसाबाईंनी सुपली पुढे केली. त्यात चौथं पान होतं.

पत्र्यावरची रेघ घासून मिटवता येते. त्याचं गुळगुळीत पोलादी हत्यार माझ्या पिशवीत होतं आणि पत्राही होता. फोन जमिनीवर ठेवला आणि घासायला बसलो. देवाला कधी हात न जोडणारा मी, त्या जस्ताच्या तुकड्याची विनवणी करत होतो. रेघ पुसट होत गेली तसा फोनमधला तिचा श्वास लांब होत गेला. "बरं वाटतंय रे," ती म्हणाली. तिथे थांबायला हवं होतं. पण घाबरलेल्या माणसाला कुठे पुरे म्हणावं ते कळत नाही. कुठे ओरखडा राहिला असला तर, म्हणून मी खोड घासलं, पानं घासली, मुळं घासली. वीज आली तेव्हा पत्रा कोरा होता आणि माझ्या बोटांची सालं निघाली होती.

"मंदार, मी उठून बसले. भूक लागलीय."

मी हंसाबाईंसमोर रडलो. त्या चौकटीकडे बघत होत्या. झाडाला नऊच्या नऊ पानं होती आणि ते डावीकडे कललं होतं. मातीत होतं तसं. छापात ते उजवीकडे असायला हवं.

घरी दार अनघानंच उघडलं. तिनं मला जेवायला वाढलं, डाव्या हातानं. पंधरा वर्षं तिच्या डाव्या गालावर पाहिलेला तीळ उजव्या गालावर होता. मी जेवलो. मला ती जिवंत हवी होती, आणि ती जिवंत होती.

आता ती जेवत नाही, नुसतं पाणी पिते. सकाळपासून अंगणात उन्हात उभी असते. मी धावजीकडे जाऊन पाया पडलो. पत्र्यावर काही उरलंय का, एवढंच त्यानं विचारलं. मी तो कोरा पत्रा दाखवला. त्यानं तो परत माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

काल शनिवार होता. दिवेलागणीला ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हा काळा दोरा माझ्या मनगटाला बांधला. सुटत नाही, कात्रीही लावून पाहिली. पायाशी चार पिवळे तांदूळ ठेवले. एक नाव घेतलं, माझं नव्हे, मला माहीत नसलेल्या कुणाचं तरी. मग कानाशी वाकून म्हणाली, "उद्या येते न्यायला… तयार राहा."

पहाटेच घर सोडून इथे आलो. ती या दालनात कधी आलेली नाही, तिला वाट माहीत नाही, असं दिवसभर स्वतःला समजावतोय.

ओल्या मातीचा वास तुम्हालाही येतोय ना? जरा मागे वळून बघा, त्या चौकटीत झाड आहे ना अजून? माझी नजर आता चांगली नाही… मला इथून नुसता दोराच दिसतोय.