कुटं ठेवलंयस गं?

हे खरं घडलेलं आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. शेवटचा भाग मी माझ्या कानांनी ऐकलाय. तेव्हापासून भरदुपारी घरात एकटं बसायला मला नको वाटतं.

ठिकाण सोलापूर, शेळगी. दोन खोल्या, वर माळा. घर सिद्रामप्पांचं. माझ्या आईचे मामा, पण आम्ही सगळे त्यांना अप्पाच म्हणतो.

अप्पांनी तीस वर्षं एसटी चालवली. इंजिनाच्या आवाजानं उजवा कान गेला. कुठल्या रस्त्याला कुठला फाटा लागतो ते झोपेतसुद्धा सांगतील, पण घरात स्वतःचा टॉवेल सापडायचा नाही. खाटेवर बसायचे आणि हाक मारायचे.

"सुंदरम्मा, कुटं ठेवलंयस गं?"

सुंदरम्मा, त्यांची बायको, मूळची मैंदर्गीची. उन्हाळा लागला की ती वाकळा आणि स्वेटर कडक उन्हात टाकायची आणि कडुलिंबाचा पाला घालून खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवायची. कुरडया फळीवरच्या डब्यांत. छत्र्या माळ्यावर, जुन्या लुगड्याच्या गाठोड्यात. कुठे चिठ्ठी नाही की खूण नाही. सगळं तिच्या डोक्यात.

ओरडून सांगितलं तरी अप्पांना शब्द नीट कळायचे नाहीत. म्हणून ती त्या वस्तूपाशी जायची आणि वाकवलेल्या बोटानं वाजवायची.

टक टक.

म्हणजे, हितं हाय. चाळीस वर्षं विचारून विचारून अप्पांनी तिला इतकं पिडलं होतं की शेवटी शेवटी तिनं तोंडानं उत्तर देणंच सोडलं. नुसती टक टक.

गेल्या वर्षी श्रावणात सुंदरम्मा गेली.

माणसं आली, गेली. मुलगी प्रतिक्षा तिसऱ्या आठवड्यात पुण्याला परतली. अप्पा एकटे उरले. दिवसभरात बोलायला दूधवाल्याशिवाय कुणी नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी एकदम गारठा पडला. सकाळचे सात वाजले होते. अप्पा खाटेवर कुडकुडत बसले होते आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"सुंदरम्मा, स्वेटर कुटं ठेवलंयस गं?"

बोलून झाल्यावर त्यांना आठवलं. त्यांनी मान खाली घातली.

आणि तेवढ्यात...

टक टक.

खाटेखालून. पत्र्यावर.

बराच वेळ त्यांनी पाय खाली सोडले नाहीत. मग वाकून पेटी ओढली. झाकण उघडलं. वाळक्या पाल्याखाली, सगळ्यात वर, त्यांचा तपकिरी स्वेटर होता.

अप्पा घाबरले का? पहिल्या दिवशी घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मफलर विचारला.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत अंगात घालायची पांढरी बाराबंदी विचारली... टक टक, माळ्यावरून. मार्चात माठाची तिवई विचारली... टक टक, मोरीच्या कोपऱ्यातून. नंतर तर गरज नसलेल्या वस्तू विचारायला लागले. सुई. अडकित्ता. फुटक्या चष्म्याची डबी. दिवसाला एकच विचारायचे. जास्त विचारलं तर ती वैतागेल, असं त्यांना वाटायचं.

त्या एका टकटकीवर त्यांचा अख्खा दिवस जायचा.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, म्हातारा भ्रमला.

एप्रिलमध्ये प्रतिक्षा चार दिवसांची रजा काढून आली. माळ्यावरचं गाठोडं काढताना अप्पा स्टुलावरून घसरले होते, तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. आईला ती अव्वा म्हणायची.

"अप्पा, एवढा पसारा कशाला? अव्वाचं अव्वाला जमत होतं. तुम्हाला जमणार आहे का?"

"राहू दे की," अप्पा म्हणाले.

"का राहू दे?"

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण पोरीच्या तोंडाकडे बघून ते वेगळंच बोलले.

"बरं. कर तुला हवं तसं."

तीच त्यांची चूक. आजही ते तेच म्हणतात.

प्रतिक्षानं वाकळा, लुगडी आश्रमशाळेला दिली. पेटी, डबे भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले. माळा पुसून रिकामा केला. भिंतीला प्लास्टिकचे चार पारदर्शक खोके लावले आणि वर कागद चिकटवले. हिवाळा. उन्हाळा. पावसाळा. सणवार.

"आता कुणाला विचारायला नको, अप्पा," ती म्हणाली. आईच्या आठवणीनं तिचेही डोळे भरले होते. पोरीनं मायेनंच केलं होतं सगळं.

ती गेल्यावर अप्पांनी दार लावलं आणि खाटेवर बसले.

"सुंदरम्मा, छत्री कुटं हाय गं?"

काहीच नाही.

समोरच्या खोक्यातून छत्री दिसत होती.

दुसऱ्या दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी विचारलं. आठ दिवस विचारलं. घर नुसतं गप्प. सुंदरम्मा श्रावणात गेली तेव्हा अप्पा रडले नव्हते. या वेळी रडले.

मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली. पंखा थांबला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी काहीही विचारलेलं नव्हतं.

आणि...

टक टक.

खाटेखालून. जिथे आता नुसती फरशी होती.

अप्पा सावरून बसले. थोड्या वेळानं माळ्यावर... टक टक. मग फळीवर... टक टक. मग मोरीच्या कोपऱ्यात. मग पुन्हा खाटेखाली. पुन्हा माळ्यावर. पहिल्यापेक्षा घाईनं.

तेव्हा अप्पांच्या लक्षात आलं.

ती काही सांगत नव्हती. ती शोधत होती.

त्यांनी प्रतिक्षाला फोन लावला. "अव्वाची पेटी कुटं दिलीस?"

"भंगारात, अप्पा. तो हातगाडीवाला कुठला, मला काय माहीत? का हो?"

"काय न्हाय," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जूनमध्ये मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हा हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी मान डोलावत होतो. खरं सांगायचं तर, अप्पांना एकदा डॉक्टरांना दाखवावं, हेच माझ्या मनात चाललं होतं.

दुपारचे अडीच वाजले असतील.

टक टक.

मी ऐकलं. माझे दोन्ही कान शाबूत आहेत. रिकाम्या माळ्यावरून आला तो आवाज.

आयुष्यभर एक वस्तू उठून न शोधलेले अप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले. स्टूल ओढलं. माळ्यावर हात फिरवला. खाली उतरून खाटेखाली वाकले. खोक्यांची झाकणं एकेक करून उघडली.

"हितं बी न्हाय गं... थांब की. बघतो मी. थांब जरा."

आवाज पुढे सरकत होता आणि ते त्याच्या मागून चालत होते.

माझ्याच्यानं तिथे बसवेना. मी चपला घातल्या आणि न सांगताच निघालो. अप्पांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. ते तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, काय हरवलंय ते तरी सांग.