समुद्रापलीकडचा धूर

शिखराखालच्या पत्र्याच्या खोपीत हवा तपासणारं एक यंत्र होतं. त्यातला फिल्टरचा कागद खाली आणायचा होता. आठवडाभर सगळं शहर खोकत होतं. आसपास कुठे काडीही पेटली नव्हती, तरी आभाळ पिवळं! हा धूर कुठला, ते कागदावरच्या काजळीवरून कळणार होतं. प्रयोगशाळेत काम करणारी भाची निघाली, आणि डोंगरवाटा दाखवण्यात हयात गेलेला तिचा मामा, कुणी न बोलावता, पाठीवर पिशवी टाकून पुढे चालू लागला.

"समुद्रापलीकडची जंगलं जळतायत, म्हणतेस. मग धूर इतक्या लांब येतो कसा?" चढावर त्याने विचारलं.

"आगीच्या धगीने तो उंच चढतो. वरचा जोराचा वारा त्याला वाहून नेतो. पुढे हवा खाली बसली, की धूरही उतरतो."

"म्हणजे फुकटात विमानप्रवास."

दुपारी खिंडीत धूर खरोखरच खाली उतरला. समोरचा डोंगर दिसेनासा झाला, सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं. दोघांनी कमरेला दोर बांधला. चार पावलं. थांबायचं. पुन्हा चार पावलं. एका वळणावर भाचीचा पाय निसटला. दगड गडगडत खाली गेले. दोर ताठ झाला. मामाने कड्याला मिठी मारली आणि तिला वर खेचलं!

पण तेवढ्याने त्याचा दम संपला. ओठ निळसर दिसू लागले.

"खोपी दोनशे पावलांवर आहे. तू जा, मी बसतो."

दोर सोडून ती गेली. जेमतेम तीस पावलं. मागे वळली तर मामा धुरात दिसेना. नुसता खोकला ऐकू येत होता. मग तोही थांबला.

ती धावत परतली. मामा दगडाला टेकून, डोळे मिटून बसला होता. तिने ओला रुमाल त्याच्या नाकावर बांधला, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

"अगं, कागद?"

"तो कुठे जात नाही. तूच चालला होतास."

तीन तास उतरल्यावर, ओढ्याकाठच्या झाडीत, त्याला पोटभर श्वास घेता आला. ती मात्र तिथेच रडायला बसली. मामा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

आठवड्याने वारा फिरला. भाचीने वनरक्षकासोबत जाऊन कागद आणला. काजळी त्या दूरच्या जंगलांचीच निघाली. तिने मामाला ती भिंगाखाली दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला.

"तिथली माणसं वेळेत बाहेर पडली असतील ना गं?" त्याने विचारलं.

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली.