सख्ख्या भावाविरुद्ध

दारात आई उभी होती... एका हातात पिशवी, दुसरा हात भिंतीला टेकलेला! ताईंनी पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. आईचं पाऊल या खोलीत आजवर कधी पडलंच नव्हतं.

सारी वस्ती त्यांना ताई म्हणायची. एके काळी ज्युदोच्या मॅटवर त्या भल्याभल्यांना लोळवत. वडिलांच्याच तालमीत त्या घडल्या. थोरला भाऊ, दादा, तिथं मुलींना शिकवायचा. परदेशातल्या स्पर्धेसाठी ताईंची निवड झाली, घर आनंदात न्हाऊन निघालं, आणि त्याच सुमारास एक कोवळी शिष्या त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. दादानं तिच्या अंगाला हात लावला होता! ताईंनी चौकशी समितीपुढे सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली. दादावर बंदी आली, तालमीला टाळं लागलं, संघातून ताईंचंही नाव गळालं... आणि "आम्हाला मुलगी नाही," म्हणत वडिलांनी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

मग ताईंनी शाळाशाळांतून मुलींना पडायला, उठायला, ठणकावून 'नाही' म्हणायला शिकवलं. प्रत्येक तालमीत बाई प्रशिक्षक हवीच म्हणून मोर्चे काढले, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. लेकी उदंड मिळाल्या! पण संध्याकाळी कुलूप काढून आत शिरलं, की एकाच ताटापुरतं शिजायचं, आणि त्या विषण्ण शांततेत भांड्यांचा आवाज काय तो सोबतीला...

"तुझे वडील गेले गं," खाटेवर टेकत आई म्हणाली. "महिना झाला. दादानं तुला कळवू दिलं नाही."

शेवटचं दर्शनही नाही...! ताई आईच्या पायांशी येऊन बसल्या.

"माझं नाव तरी काढलं का गं त्यांनी?"

"नाही," आई खालमानेनं म्हणाली. "त्या दिवशी दार त्यांनी लावलं. पण कडी माझ्याही हाताला येत होती, बाळा. मी काढली नाही!"

इतक्या वर्षांचा बांध फुटला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून ताई लहान मुलीसारख्या रडल्या. आई केसांवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली,

"ती पोरगी... कुठं असते आता?"

"माझ्याबरोबर शिकवते. पलीकडच्या शाळेत."

"मला ने तिच्याकडे. तेव्हा चारचौघांत तिलाच नावं ठेवली मी. आधी तिची माफी मागते... तुझी मग."

ताईंच्या काळजात कळ उठली. ज्या एका शब्दासाठी जन्मभर जीव आसुसला, तो आजही आधी दुसरीच्याच वाट्याला जाणार होता! पण त्या उठल्या, डोळे पुसले, आईच्या पायांपुढे चपला सरकवल्या.

"चल," त्या म्हणाल्या, "शाळा सुटायच्या आत पोचू."