आईच्या खोलीतलं काचघर

सासूच्या मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस झाला, रिवाजाप्रमाणे उकडलेले गहू शेजारीपाजारी वाटून झाले, आणि दुसऱ्याच सकाळी गालिन टेप घेऊन आईच्या खोलीत शिरला. हातातलं ताट पुसत त्याची बायको रुम्याना दारातून बघत राहिली. म्हातारी स्तोयना सात वर्षं तिथं अंथरुणाला खिळून होती. तेवढ्या काळात तिचा हा मुलगा त्या खोलीत इतका वेळ कधी थांबला नव्हता.

"काचघर अडीच मीटर लांब हवं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "अजगराला ऐसपैस लागतं."

"अजगराला?"

"लहानपणापासूनची हौस आहे माझी. आई होती तोवर कुठं जमलं?"

पेर्निक शहराच्या हिवाळ्यात त्या खोलीच्या खिडकीला आतून बर्फ धरायचा. 'गारठले गं, रुमे,' म्हणत म्हातारी गेली. हीटरचा विषय काढला की गालिन म्हणायचा, "तीन गोधड्या आहेत ना तिच्या अंगावर?"

आता तिथं काचघर उभं राहिलं. उबेचा दिवा आला, तळाशी तापणारी चटई आली, सरकत्या काचेला कुलूप आलं. गालिननं भुसा स्वतःच्या हातानं पसरला. दिवसातून चारदा तो वाकून तापमापक बघायचा.

"बत्तीसच्या खाली जाता कामा नये. गारठला तर आजारी पडतो बिचारा."

"बिचारा," रुम्याना म्हणाली.

"झाले टोमणे सुरू?"

एका दुपारी ती झाडायला गेली. सारख्या केलेल्या भुशात एक खळगा पडला होता. लांबट, मधे वाकलेला. गुडघे पोटाशी घेऊन कुणी कुशीवर निजावं तसा. आणि काचेच्या फटीतून, म्हातारीच्या अंगाला चोळायच्या त्या कापराच्या मलमाचा वास येत होता.

गालिननं कुलूप उघडून भुसा सारखा केला. तासाभरात खळगा पुन्हा तिथंच.

"तूच करतेस हे!"

"किल्ली तुझ्या खिशात आहे, गालिन."

शनिवारी सकाळी आसेन आला. तो अजगर पाळायचा, विकायचा. त्यानं काचघर तपासलं, मान डोलावली आणि कापडी पिशवीचं तोंड आत सैल केलं. अजगर बाहेर आला, आणि थांबला. उबेकडे जायचं सोडून तो सरपटत गार कोपऱ्यात गेला. तिथं घट्ट वेटोळं करून त्या खळग्याकडे तोंड करून फुत्कारू लागला.

"आत... आणखी कुणाला ठेवलंय का?" आसेननं हळूच विचारलं.

"कुणालाच नाही."

"मग हा कुणाला भितोय?"

उत्तराची वाट न बघता त्यानं अजगर पिशवीत घातला. जाता जाता दारातून म्हणाला, "जागा रिकामी झाली की कळवा."

गालिननं सगळ्या वायरी उपटल्या. दुसऱ्या दिवशी खोली बर्फासारखी गार होती. काचघरातला तापमापक मात्र सदतीस दाखवत होता.

"हा बिघडलाय," गालिन म्हणाला.

"माणसाच्या अंगाची ऊब असते ती." रुम्यानानं कोपऱ्यातली खुर्ची ओढून काचेपाशी ठेवली. "बस आता. सात वर्षांत बसला नाहीस."

तो बसला.

काचेवर आतून, खळग्याच्या वरच्या टोकाशी, वाफेचा एक गोल उमटला. विरला. पुन्हा उमटला... पुन्हा विरला. दोघंही श्वास रोखून बघत होती.

मग गालिननं रोखलेला श्वास सोडला, आणि त्या गोलाशेजारी, वीतभर अंतरावर, काचेच्या आतूनच दुसरा गोल उमटू लागला.