तीन वाजून पाच मिनिटांचा मेसेज

प्रफुलचं डोकं दगडानं इतकं ठेचलं होतं, की ओळख पटली ती गळ्यातल्या ओळखपत्रावरून. मोबाइलचाही चुरा झाला होता. पोंभुर्ण्याच्या जंगलातल्या त्या नाल्याकाठी फौजदार दिव्यानी मेश्राम साडेपाचला पोचल्या. त्यांनी प्रेताचा हात उचलून पाहिला. लाकडासारखा ताठ.

पलीकडे गावकरी गावातल्याच लालसूला बांबूनं झोडपत होते. मागच्या आठवड्यात त्यानं प्रफुलची कॉलर धरली होती आणि आज दुपारभर तो याच जंगलात होता. दिव्यानींनी हवेत गोळी झाडली, तेव्हा कुठे हात थांबले. लालसूचा एक डोळा फुटला होता.

"काऊन भांडला होतास?"

"पोरगी तापानं मेली माही. रिपोर्टात निगेटिव्ह लिवलं होतं. प्रफुलभाऊ म्हणे, मीबी हेच शोधून राह्यलो. मी त्याले मारलो नाई, बाई."

प्रफुल हिवतापाची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत होता. घरोघरी रक्ताचे नमुने घ्यायचा, मोबाइलवर फॉर्म भरायचा. फॉर्म कार्यालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये पोचला, की साहेबांना आपोआप मेसेज जायचा.

संस्थेचा डेटा मॅनेजर विक्की यानं दुसऱ्या दिवशी शेवटचा मेसेज दाखवला. वेळ, तीन वाजून पाच मिनिटं. 'ठमाबाई, नमुना घेतला.'

"एकपासून पाचपर्यंत आम्ही सगळे बैठकीत होतो, मॅडम. तीनला प्रफुल जिवंत होता. नंतर जंगलात लालसूच होता ना?"

दिव्यानी तडक ठमाबाईच्या दारी गेल्या.

"प्रफुल कधी आला होता, आजी?"

"सकाळी. अकराची एसटी तवाच गेली. मी धानाच्या रोवण्याले जाऊन राह्यली होती. त्यानं बोटातलं रक्त घेतलं न् मोबाइल दाबला. 'गेला फॉर्म, आजी,' म्हणे. मंग कोणी नाल्यावर बोलावलं म्हणून घाईनं गेला."

कार्यालयात ठमाबाईचं म्हणणं ऐकून विक्की हसला. "जंगलात नेटवर्क नसते. फॉर्म उशिरा येते."

दिव्यानी संगणकावर बसणाऱ्या उर्वशीकडे वळल्या. "ठमाबाईचा फॉर्म कधी आला?"

"अकरा वाजून पाच मिनिटांनी." उर्वशी चपापली. "पण मेसेज तर लगेच जाते, मॅडम."

"मेसेजचा नियम कधी बदलला, ते दिसतं?"

उर्वशीनं नियमातल्या बदलांचा इतिहास उघडला. काल सकाळी नऊ : 'फॉर्म आल्यावर चार तासांनी.' संध्याकाळी सहा : 'लगेच.' दोन्ही वेळा लॉगिन विक्कीचं.

"साडेपाचला प्रेत ताठलं होतं," दिव्यानी म्हणाल्या. "अडीच तासांत माणूस इतका ताठत नाही. तू सव्वाअकराला त्याला नाल्यावर मारलंस आणि एक वाजता बैठकीत येऊन बसलास. तीनचा मेसेज साहेबांच्या फोनवर सगळ्यांदेखत वाजावा, म्हणून नियम सकाळीच बदलून ठेवलास. प्रफुलला काय सापडलं होतं?"

विक्कीनं टेबलावरची कात्री उचलून उर्वशीच्या गळ्यावर झेप घेतली. पातं तिच्या खांद्यात रुतलं. दिव्यानींची काठी त्याच्या मनगटावर बसली, हाड कडाडलं. तो गुडघ्यांवर कोसळला.

"वरून रोज विचारत होते, रिपोर्ट बाकी काऊन आहे!" तो किंचाळला. "म्हणून एक नियम लावला. आठ दिवसांत रिपोर्ट नाई आला, तर आपोआप निगेटिव्ह. एवढंच केलं मी!"

"एवढंच?"

शिपायांनी त्याला ओढत नेलं. दिव्यानींनी दवाखान्यात फोन लावला, तिथे पहाऱ्यात ठेवलेल्या लालसूच्या बेड्या काढायला सांगितल्या.

उर्वशीच्या बाहीतून रक्त टपकत होतं. तरी ती उठली नाही. तिनं तो नियम बंद केला आणि आपोआप निगेटिव्ह झालेली नावं पडद्यावर मागवली. त्रेसष्ट.

"मॅडम, यातले कोण कोण जिवंत आहेत, मले नाई माहीत."

"जीप काढा," दिव्यानी बाहेर ओरडल्या. "पहिलं गाव कोणतं? वाच."