तिसऱ्या उंचवट्यावर

शनिवारी दुपारी पुलावर कॅमेऱ्याची तिपाई लावायची, उकडलेल्या शेंगा खायच्या आणि लेकाच्या मालगाडीची वाट पाहायची, हा ओझेलाबाईंचा नेम. मिसिसिपीच्या त्या टेकड्यांत रूळ सरळ होते, पण सपाट नव्हते. लांब भिंगातून एकामागे एक चार उंचवटे दिसत. गाडी खोलात बुडे, पुन्हा वर येई. चालक टेरेल पुढचा दिवा क्षणभर मंद करी. तोच त्याचा आईला नमस्कार.

वसंतात फोटोंत खोट दिसली. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या उंचवट्यावर काचेमागे टेरेल होता. तिसऱ्यावर खुर्ची रिकामी.

उन्हाची तिरीप असेल, असं त्यांनी मनाला समजावलं. पुढच्या शनिवारी आभाळ भरलेलं होतं. खुर्चीच्या पाठीवर टांगलेलं जाकीटसुद्धा स्वच्छ आलं. माणूस तेवढा नाही.

वेंडेल हा त्यांचा फोटोवेडा सोबती. फोटो पाहून त्याची शेंग हातातच राहिली. त्याचा मेहुणाही गाडीच चालवायचा; त्याचीही खुर्ची तिथेच अशी रिकामी आली होती, आणि महिन्याभरात मेहुण्याला मूठमाती द्यावी लागली होती.

"टेरेलला रजा घ्यायला सांगा, सिस्टर." चर्चमधली मंडळी त्यांना सिस्टरच म्हणत.

सांगून झालं होतं. आई, तुझा कॅमेरा तुझ्यासारखाच म्हातारा झालाय, म्हणून तो हसला होता.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी नेहमीसारखं प्रवचन गाऊनच सांगितलं: तटाला भगदाड पडलं की तिथे उभं राहणारा एक माणूस देव शोधतो. सगळी मंडळी टाळ्यांवर डोलत होती. ओझेलाबाई तेवढ्या निश्चल बसल्या होत्या.

शनिवारी त्यांनी कॅमेरा वेंडेलच्या हाती दिला नि निघाल्या.

"जाऊ नका. तिथे काय आहे, आपल्याला ठाऊक नाही."

"तिथे जे आहे, त्याला तरी कुठं ठाऊक आहे, मी कोण आहे ते?"

तिसऱ्या उंचवट्यावर रुळांशेजारच्या कुंपणाला टेकून त्या उभ्या राहिल्या. खोलातून गार वारा वर आला. त्याला ओल्या लोखंडाचा वास होता. नाकतोड्यांची किरकिर थांबली.

त्यांनी गायला सुरुवात केली. चाल पाद्रीबाबांची, शब्द स्वतःचे. माझं लेकरू तुला मिळायचं नाही.

रूळ थरथरले.

कानापाशी कुणीतरी श्वास घेतला.

त्या हलल्या नाहीत.

गाडी वर आली. आईला तिथे पाहून टेरेल चकित झाला, हसला, हात हलवत पुढे गेला.

त्या पुलावर परतल्या, तर वेंडेल कॅमेरा देईना. त्यांनी तो काढून घेतला. तिसरा उंचवटा. खुर्चीत टेरेल, कुंपणाकडे बघत हात वर केलेला. कुंपणापाशी गवत दबलेलं, कुणी उभं असावं तसं. त्या उभ्या होत्या तिथे नुसतं ऊन.

ओझेलाबाईंनी टेरेलच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हसतो कसा, बघ," त्या म्हणाल्या. "हा मोठा करून दे मला."